जुळणी करून मिळणाऱ्या गेमिंग पीसीची किंमत कशी तपासावी

प्रत्येक भागाचं नेमकं मॉडेल लेखी मागा. नुसतं ‘१६ जीबी रॅम, ६५० वॉट एसएमपीएस’ (म्हणजे पीसीचा वीजपुरवठा) लिहिलेलं कोटेशन परत करा. काटकसर इथेच लपते: ८ जीबीच्या दोन पट्ट्यांऐवजी १६ची एकच लावली, की मेमरी सिंगल चॅनलवर, म्हणजे दोनऐवजी एकाच मार्गाने चालते आणि प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम कमी होतात.

मग सुट्या भागांची बेरीज करा, विंडोजचं लायसन्स धरून. कोटेशनचा या बेरजेवरचा फरक दहा टक्क्यांच्या आत आणि जुळणी, चाचणी, वॉरंटी एकाच ठिकाणी असेल, तर मला तो रास्त वाटतो. ग्राफिक्स कार्डावर एक तृतीयांशही पैसे नसतील, तर रंगीत दिव्यांचे (आरजीबी) पंखे आणि काचेचं कॅबिनेट कमी करायला लावा.

पीसी ताब्यात घेताना बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू आहे का बघा. नाहीतर डीडीआर५-६०००ची रॅम बहुधा ४८००वरच धावते.