आमची वाटचाल – जास्वंदीच्या कुंपणापासून नर्सरी आणि तेलापर्यंत

कुडाळजवळ आमची छोटी नर्सरी आहे, फक्त जास्वंदीची. २०१४ साली सुरू केली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कुपणाक लावतत ता झाड इकत कोण घेतलो?" आणि प्रश्न बरोबरच होता, कारण आमच्याकडे प्रत्येक घराच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, एकेरी लाल जास्वंद असतेच.

म्हणून आधी हायब्रिड आणली, ताटलीएवढी केशरी-जांभळी फुलं, फोटो बघून लोक वेडे होतात. पण यातल्या बऱ्याच जातींच्या फांदीला मुळं पटकन धरत नाहीत, धरली तरी कमजोर, त्यामुळे कलम बांधायचं ते देशी लाल जास्वंदीच्या खुंटावरच, म्हणजे तिच्या मुळं असलेल्या खालच्या खोडावर. म्हणजे वरती कितीही नटवा, खाली गडग्यावरचीच पाहिजे. देशीचं मात्र सोपं, पेन्सिलीएवढी जाड काडी, चारपाच डोळे, खालची पानं काढून पावसाळ्यात लावून टाकायची, फक्त पिशवीत पाणी साचू द्यायचं नाही.

गिऱ्हाइकांचा नेहमीचा फोन म्हणजे कळ्या गळतात. ऊन किती मिळतं ते मी पहिलं विचारते, मग पाणी, मग झाडावर मुंग्या आहेत का. मुंग्या दिसल्या की बहुतेक पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) आहे समजा, त्याच्या गोड चिकट्यासाठी त्या येतात आणि त्याची राखणही करतात. निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी मारायचं, पानाच्या खालून सुद्धा. आणि दरवर्षी छाटणी करा हो, फूल नव्या फुटीवर येतं, लोकांना फांदी कापायला जीवावर येतं.

फुलांचा धंदा चतुर्थी, संकष्टी, अंगारकीला. उमललेलं फूल संध्याकाळी मिटतं, मग पाठवणार कधी? म्हणून टपोऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळी काढून ओल्या फडक्याखाली ठेवतो, सकाळी देवाजवळ उमलतात, पाण्यात ठेवायची पण गरज नाही.

जास्वंदीचं केसांचं तेल आम्ही उशिरा काढलं कारण ते विकायचं तर एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) कॉस्मेटिक लायसन पाहिजे, वेगळी जागा पाहिजे, ते सगळं होईपर्यंत थांबलो. रेसिपी सासूबाईंची. पानं-फुलं सावलीत सुकवून खोबरेल तेलात मंद आचेवर, तडतड पूर्ण थांबेपर्यंत आणि पान चुरचुरीत होईपर्यंत, कारण जरा जरी पाणी राहिलं तर तेल खवट होतं.

आता रोजचं भांडण, "ताई तुमचं तेल लाल का नाही?" अहो जास्वंदीचा लाल रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही! फूल गरम पाण्यात टाकून बघा, पाणी जांभळट होतं, लिंबू पिळलं की लालभडक, आमच्याकडे सरबत असंच करतात. तेल मात्र पानांमुळे हिरवट-तपकिरीच होणार. बाजारात लाल तेल दिसतं त्यात रतनजोत (तेलाला लाल रंग देणारी मुळी) असते नाहीतर वरून रंग घातलेला असतो. रतनजोत वाईट नाही, पण ती जास्वंद नव्हे. दुकानदार म्हणतात घाला थोडी, खप वाढेल, मी घालत नाही. टक्कल जाईल असं लेबलवर छापा म्हणणारे पण आहेत, त्यांना मी माल देत नाही.

सध्या केस धुवायच्या पावडरीचं चाललंय. फुलं उन्हात वाळवली की काळी पडतात म्हणून जाळीच्या ट्रे लावल्यात पडवीत, पण आमच्या पावसात काही वाळत नाही, त्यामुळे ती दिवाळीनंतरच मिळेल. रोपांचं कुरियर चालू आहे.