लोड ॲव्हरेज 9 म्हणजे नेमके किती?

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी छत्तीस फूट झाली एवढे कळले, तरी कोल्हापूरकर पुढचा हिशेब मनात मांडतो, कारण 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी त्याला पाठ असते. सर्व्हरच्या डॅशबोर्डवरचे आकडे मात्र मी अशी कोणतीही पातळी ठाऊक नसताना बरीच वर्षे वाचत होतो.

गेल्या वर्षी राजारामपुरीतल्या आमच्या कार्यालयाच्या चार कोअरच्या, म्हणजे एका वेळी चार कामे करू शकणाऱ्या सीपीयूच्या, लिनक्स सर्व्हरवर लोड ॲव्हरेज, म्हणजे कामाच्या ताणाचा सरासरी आकडा, रोज रात्री वाढून 9 वर जाऊ लागले. चार कोअरना नऊ प्रक्रियांचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, भार झेपत नाही, असे समजून मी आठ कोअर घेतले. आकडा तिथेच राहिला. त्याच वेळी सीपीयूचा वापर जेमतेम 20 टक्के होता आणि त्याचा आलेख शेजारीच दिसत होता, पण त्या दोहोंची सांगड मी घातली नव्हती. लिनक्सचे लोड ॲव्हरेज केवळ सीपीयूचा भार सांगत नाही. चालू असलेल्या आणि सीपीयूच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रक्रियांबरोबर, बहुधा डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेल्या, 'टॉप' या प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत 'डी' अवस्थेत दिसणाऱ्या प्रक्रियाही त्यात धरल्या जातात. आमच्याकडे बॅकअप आणि डेटाबेसचे अहवाल एकाच वेळी सुरू होऊन डिस्कपाशी दाटी होत होती. बॅकअप दोन तास पुढे नेला आणि लोड 2 वर आले.

या मापाचे तीन आकडे असतात, 1, 5 आणि 15 मिनिटांचे, आणि ते एकत्रच वाचावेत. पहिला तिसऱ्याहून मोठा असेल तर पाणी चढते आहे, लहान असेल तर ओसरते आहे.

मेमरीबाबत थोडक्यात सांगतो. 'फ्री' आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नये, कारण लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशेसाठी वापरते आणि गरज पडताच बरीचशी परत देते; पाहायचा तो 'अव्हेलेबल' आकडा.

माझा खरा आक्षेप सरासरी प्रतिसादवेळेवर आहे. शंभर विनंत्यांपैकी नव्वद विनंत्यांना 100 मिलिसेकंद आणि दहांना 3 सेकंद लागले, तर सरासरी 390 मिलिसेकंद येते, म्हणजे एकाही ग्राहकाने न अनुभवलेला आकडा पडद्यावर समाधानाने मिरवतो. तिथे पी-95, म्हणजे 95 टक्के विनंत्या ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात तो आकडा, थेट 3 सेकंद दाखवतो, आणि तक्रारीचा फोन त्याच दहा जणांपैकी कुणाचा तरी येतो. म्हणून सरासरीचा आलेख मी काढून टाकला आहे. दोन सर्व्हरच्या पी-95 ची सरासरी काढून एकत्रित पी-95 मिळत नाही, हे मात्र मला उशिरा उमगले. त्यासाठी दोन्हीकडची हिस्टोग्रामची, म्हणजे किती विनंत्यांना किती वेळ लागला याच्या गटवार मोजणीची, मापे आधी एकत्र करावी लागतात, आणि सध्या मी तेच काम करतो आहे.