‘वरी’ म्हणजे काळजीच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भाषांतरं करून पोट भरणाऱ्याला हा प्रश्न वरचेवर येतो: ‘डोन्ट वरी’चं ‘काळजी करू नकोस’ केलं की झालं, त्यात अडायचं काय? (वरी म्हटलं की मला आधी उपासाची भगर आठवते, ते सोडा.)

अडलो इंग्लंडात. लेकीकडे गेलो होतो. गावाबाहेर एका शेताच्या फाटकावर पाटी होती: मेंढ्यांना ‘वरी’ करणाऱ्या कुत्र्याला गोळी घातली जाईल. मी हसत सुटलो. मेंढ्यांना कसली आलीय काळजी! लेक म्हणाली, “बाबा, हसू नका, तसा कायदा आहे.” आहे खरा, १९५३ सालचा. कुत्र्यानं मेंढरांवर धावून जाणं, त्यांच्यामागे लागणं, इतकंच काय, ती चरत असलेल्या शेतात ताब्याविना मोकळं सुटणं, सगळं त्यात ‘वरी’तच मोडतं. नुसतं मागे लागलं तरी गाभण मेंढी गाभडू शकते.

मुळात या शब्दाचा अर्थच गळा आवळणं. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘वुर्गेन’ आजही तेच सांगतो. पुढे लांडग्यानं नरडं धरणं, मग माणसानं माणसाला छळणं, आणि मनाला घोर लागणं हा अर्थ रुळला तो थेट एकोणिसाव्या शतकात. कुत्रं हाडूक चघळत, झिंजाडत बसतं तेही ‘वरी’. हलणारा दात जिभेनं सारखा ढोसत राहणं, त्यालाही हाच शब्द. (‘अँग्झायटी’चं लॅटिन मूळही आवळण्याचंच, आपल्या वेदांमधला ‘अंहस्’, म्हणजे कोंडी, संकट, हा तिचा लांबचा नातलग.)

आपली काळजी फारच मायाळू. ती लागते तशी घेताही येते. गाडी सुटताना ‘काळजी घे’ म्हणणारी आई रात्रभर काळजीनं जागी असते. ‘वरी’ कुणी कुणाची घेत नाही. म्हणून मी जागा बघून ‘घोर’ वापरतो, कुठे ‘पिच्छा पुरवणं’. ‘चिंता’ शक्यतो टाळतो, बोलताना कुणाच्या तोंडी असते ती?

परवा दोन दिवस लेकीचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज: ‘डोन्ट वरी, फोन पाण्यात पडला होता.’ बायकोनं स्वयंपाकघरातूनच विचारलं, काय म्हणतेय?

“म्हणतेय, जिवाला घोर लावून घेऊ नका.”

“दोन दिवसांनी सुचलं होय!”