कालची फाइल आज परत मिळेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो : 'फाइल जागेवर आहे, उघडतेही आहे, पण आतला मजकूर तो नाही. काल होती तशी परत मिळेल का?' मी संपादनाचं काम करते, संगणक दुरुस्ती हा माझा व्यवसाय नाही. तरी ओळखीतले लोक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, कारण काही वर्षांपूर्वी माझ्यावरच ही वेळ आली होती आणि तेव्हापासून मी या विषयाची पाठ सोडलेली नाही.

झालं होतं असं. सव्वादोनशे पानांचं एक हस्तलिखित मी तपासत होते. लेखकाने 'मत' हा शब्द फार वेळा वापरला होता. बऱ्याच ठिकाणी तिथे 'अभिप्राय' करू, असं आमचं ठरलं. एकेक जागा पाहून बदल करायचा सोडून मी 'रिप्लेस ऑल' दाबलं, फाइल सेव्ह केली आणि वर्ड बंद केलं. तीन दिवसांनी पुढचं प्रकरण वाचायला घेतलं, तर 'किंमत'चं 'किंअभिप्राय' झालेलं, 'हिंमत'चं 'हिंअभिप्राय', 'मतभेद'चा 'अभिप्रायभेद'. उलट दिशेने बदलून घ्यावं म्हटलं, तर लेखकाने मुळात जिथे 'अभिप्राय' लिहिलं होतं, तिथेही 'मत' झालं असतं. कोणता शब्द त्यांचा आणि कोणता माझ्या बटणाचा, हे सांगणारी खूण फाइलमध्ये उरलीच नव्हती. माझ्या संगणकावरही जुनी प्रत नव्हती. शेवटी आठ दिवसांपूर्वी लेखकाला ईमेलने पाठवलेली प्रत पाठवलेल्या पत्रांत सापडली. त्या आठ दिवसांचं काम मी पुन्हा पहिल्यापासून केलं.

या नुकसानीचा स्वभाव मला तेव्हा कळला. फाइल डिलीट झाली तर ती नाही हे डोळ्यांना दिसतं, आणि बहुधा ती रिसायकल बिनमध्ये असते. जुन्यावर नवं सेव्ह झालं तर मात्र नाव तेच, जागा तीच, फक्त पोट बदललेलं. रिसायकल बिनमध्ये काहीही जात नाही, कारण संगणकाच्या लेखी काही पुसलं गेलेलंच नसतं. तुम्ही स्वतः सेव्ह करायला सांगितलंत आणि त्याने ते केलं. त्यामुळे लक्षात यायलाच दिवस जातात, कधी आठवडे.

म्हणून मी आधी उलट विचारते : फाइल डिलीट झाली, सेव्ह करायची राहून गेली, की जुन्यावर नवी सेव्ह झाली? घाबरलेला माणूस तिन्हींना 'फाइल गेली' म्हणतो, पण तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. आणि विचारता विचारताच सांगते, की तो प्रोग्राम अजून उघडा असेल तर बंद करू नका. आजच्या बहुतेक प्रोग्राममध्ये सेव्ह केल्यानंतरही कंट्रोल-झेड दाबून मागे जाता येतं. खिडकी बंद केलीत की ती साखळी सहसा संपते.

वर्डच्या ऑटोरिकव्हरवर लोकांची फार भिस्त असते, तेव्हा त्याची मर्यादा सांगायला हवी. ठरावीक अंतराने, मुळात दर 10 मिनिटांनी, ते चालू कामाची प्रत बाजूला ठेवतं. हेतू असा, की वीज गेली किंवा वर्ड अचानक बंद पडलं तर काम वाया जाऊ नये. तुम्ही नीट सेव्ह करून बाहेर पडलात की वर्ड ती प्रत स्वतःच काढून टाकतं. सेव्ह करायचं राहिलं असेल तर 'फाइल', मग 'इन्फो', मग 'मॅनेज डॉक्युमेंट' इथे जरूर पाहा. माझ्यासारखं चुकीचं काम मन लावून सेव्ह केलं असेल तर तिथे काही मिळत नाही.

मग पुसलेल्या फाइली शोधून देणारी सॉफ्टवेअर? त्यांना अगदीच निरुपयोगी म्हणणार नाही. बरेच प्रोग्राम सेव्ह करताना नवा मजकूर आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितात, मग जुनी फाइल काढून नवीला तिचं नाव देतात. जुनीचे तुकडे डिस्कवर काही काळ पडून राहतात. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर ते कधी कधी हाती लागतात, पण त्यासाठी त्या डिस्कवर पुढे काहीही लिहिलं जाता कामा नये. शोधायचं सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर उतरवायचं नाही. एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवरची डिस्क असेल तर आशा फारच कमी. मोकळ्या झालेल्या जागेची वर्दी संगणक ट्रिम नावाच्या आज्ञेने एसएसडीला देतो आणि मग ती जागा आतल्या आत साफ होते.

थोडक्यात, जुनी आवृत्ती परत मिळते ती बहुधा कुणीतरी आधीच ठेवली होती म्हणून. प्रश्न एवढाच, की तुमच्या संगणकावर ते 'कुणीतरी' आहे का, आणि ते जागं होतं का.

विंडोजमध्ये हे काम शॅडो कॉपी करते. मला ही रचना फार आवडते. ती अख्ख्या डिस्कची नक्कल करत नाही. एका क्षणी नुसतं ठरवते, की इथून पुढे जो तुकडा बदलायला येईल, त्याचा जुना मजकूर बदलण्याआधी बाजूला ठेवायचा. हे तुकडे 16 किलोबाइटचे असतात. न बदललेलं जागच्या जागीच राहतं, म्हणून जागा कमी लागते. आणि त्या क्षणाची डिस्क पुन्हा पाहायची झाली की जागचे तुकडे आणि बाजूला ठेवलेले तुकडे जुळवून ती उभी करता येते. फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेलात की 'प्रीव्हियस व्हर्जन्स' नावाचा भाग दिसतो. विंडोज व्हिस्टाच्या निवडक आवृत्त्यांत तो आला आणि 2009 च्या विंडोज 7 मध्ये सर्रास झाला. 2012 च्या विंडोज 8 मध्ये संगणकातल्या डिस्कसाठी तो काढून फाइल हिस्टरी नावाची वेगळी सोय दिली गेली. विंडोज 10 मध्ये तो परतला.

पण तो भाग उघडल्यावर पुष्कळांना कोरी यादी दिसते. माझीही कोरीच होती. शॅडो कॉपी ज्या सिस्टिम प्रोटेक्शनबरोबर, म्हणजे बिघाड झाल्यास विंडोज आधीच्या स्थितीत नेणाऱ्या सोयीबरोबर चालते, ते अनेक संगणकांवर बंद असतं. चालू असलं तरी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे परत जाण्यासाठी टिपून ठेवलेली स्थिती, तयार झाला त्या क्षणाचीच आवृत्ती मिळते, आणि ते पॉइंट तुमच्या लिखाणाच्या वेळा पाहून तयार होत नाहीत. फाइल हिस्टरी त्या मानाने कामाची : बाहेरची डिस्क जोडून एकदा चालू केली, की डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स अशा फोल्डरांतल्या बदललेल्या फाइली ती दर तासाला त्या डिस्कवर ठेवते. हे अंतर 10 मिनिटांपर्यंत खाली आणता येतं. फक्त ती आपणहून चालू होत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे, त्याला ती आहे हे ठाऊकच नसतं.

हा राग उगाच नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकांवर व्हीएमएस ही प्रणाली आली. तिच्यात फाइल पुन्हा सेव्ह केली की जुनी तशीच राहायची. नावापुढे अर्धविराम आणि आकडा : पहिली 1, मग 2, मग 3. जुन्या आवृत्त्या नको असतील तर 'पर्ज' अशी आज्ञा माणसाने मुद्दाम द्यावी लागे. तेव्हा डिस्कवरची जागा आजच्या तुलनेत मूठभर होती, तरी ठेवणं हा नियम होता आणि टाकणं हा अपवाद. आज जागेचा तुटवडा नाही, आणि आपण मात्र साध्या 'सेव्ह'ने कालचा दिवस खोडतो.

मॅकवाल्यांना मी तुलनेने निर्धास्तपणे उत्तर देते. टाइम मशीन ही मॅकमधलीच प्रती ठेवणारी सोय 2007 मध्ये आली. बाहेरची डिस्क जोडलेली असली की ते गेल्या 24 तासांतल्या दर तासाच्या, गेल्या महिन्यातल्या दर दिवसाच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती ठेवतं. शिवाय पेजेस किंवा टेक्स्टएडिटसारख्या प्रोग्राममध्ये 'फाइल'खाली 'रिव्हर्ट टू' असतं. तिथून जुन्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येतात. या आवृत्त्या त्याच संगणकावर राहतात. फाइल दुसऱ्याला पाठवलीत तर त्या बरोबर जात नाहीत.

क्लाउडवर फाइली असतील तर आधी तिथेच बघा, आणि आजच बघा. गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या वर्ड किंवा पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या 30 दिवस किंवा 100 आवृत्त्या एवढ्याच राहतात. हवी ती 'कीप फॉरेव्हर' करून राखता येते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यावर शेवटच्या 25 आवृत्त्या मिळतात. वनड्राइव्हमधल्या फाइलला ऑटोसेव्ह लागू असल्यामुळे, म्हणजे लिहिता लिहिता ती आपोआप सेव्ह होत असल्यामुळे, एक चूक वारंवार होते : नवं पत्र लिहायला जुनं पत्र उघडायचं, त्यातच लिहीत जायचं आणि शेवटी 'सेव्ह अ‍ॅज' शोधायचं. तोवर जुनं पत्र बदलून गेलेलं असतं. अशांना मी व्हर्जन हिस्टरी, म्हणजे जुन्या आवृत्त्यांची यादी दाखवते आणि बहुतेकांचं पत्र परत मिळतं. पण क्लाउड म्हणजे बॅकअप अशी समजूत करून घेऊ नका. बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचते, आणि दिवस मोजलेले असतात.

बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा, हेही इथेच सांगते. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे व्हायरस शॅडो कॉपी आधी पुसून टाकतात. 2017 च्या वॉनाक्रायने हेच केलं. जोडून ठेवलेली डिस्कही त्यांच्या तावडीतून सुटत नाही.

मी स्वतः आता आणखी एक जुनाट वाटेल असं काम करते. महत्त्वाच्या फाइलची रोज सकाळी प्रत काढते आणि नावाच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालते. या क्रमामुळे फोल्डरमध्ये त्या आपोआप ओळीने लागतात. आणि 'रिप्लेस ऑल'च्या आधी एक वेगळी प्रत, हे तर आता हाताला सवयीचंच झालं आहे.

आवृत्ती सापडल्यावर लोक आनंदाने 'रिस्टोअर' दाबायला जातात, तेव्हा मी त्यांचा हात धरते. विंडोजच्या 'प्रीव्हियस व्हर्जन्स'च्या यादीतलं 'रिस्टोअर' आजच्या फाइलच्या जागी जुनी आणून बसवतं. मधल्या दिवसांत जे चांगलं लिहिलं तेही जातं. त्याऐवजी जुनी आवृत्ती उघडा किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, आजच्या फाइलला हात लावू नका, आणि वर्डमध्ये 'रिव्ह्यू'खालच्या 'कंपेअर'ने दोन्ही एकमेकींसमोर ठेवा.

गेल्या खेपेला विचारणारी एक संशोधक होती. प्रबंधातलं एक अख्खं उपप्रकरण तिने निरुपयोगी समजून काढून टाकलं होतं, आणि मार्गदर्शकांनी नेमकं तेच मागितलं. फाइल गूगल ड्राइव्हवर होती. हवी ती आवृत्ती सत्तावीस दिवसांपूर्वीची निघाली. ती आम्ही वेगळी उतरवून घेतली, दोन्ही फाइली शेजारी उघडल्या, आणि अकरा पानांतले तिला खरोखर हवे होते ते दोन परिच्छेद आणि एक तक्ता उचलून नव्या मजकुरात बसवले. उरलेली नऊ पानं तिने पुन्हा एकदा वाचली आणि ती काढली हे बरोबरच होतं, असं म्हणाली.