आमची वाटचाल : लेबल, रिबन आणि एक डेबिट नोट

1998 साली भोसरी एमआयडीसीत दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दोघींनी बारकोड लेबलांचं काम सुरू केलं. भागीदार माझी कॉलेजची मैत्रीण. एक 203 डीपीआयचा (इंचाला 203 ठिपके छापणारा) थर्मल ट्रान्सफर प्रिंटर, म्हणजे तापलेल्या हेडने रिबनवरची शाई लेबलावर उतरवणारा, एक सीसीडी स्कॅनर, आणि बुधवार पेठेतून कनेक्टर आणून मी स्वतः सोल्डर केलेल्या, ही यंत्रं कॉम्प्युटरला जोडायच्या आरएस-232 केबली. एवढ्यावर सुरुवात. पट्ट्यांत फक्त आकडा असतो, मालाचं नाव, दर, साठा सगळं कॉम्प्युटरात असतं, हे त्या वर्षांत किती स्टोअरकीपरांना समजावलं याची गणती नाही.

त्या प्रिंटरबद्दल सांगायलाच हवं. त्याच्या हेडवर मिलिमीटरला आठ ठिपके. एक ठिपका जळला की लेबलावर सरकण्याच्या दिशेत पांढरी रेघ उमटते, आणि पट्ट्याही त्याच दिशेत असतील तर ती रेघ एखादी बारीक पट्टी पूर्ण खाऊन टाकते. दुसऱ्या वर्षी आमचा एक ठिपका गेला. नव्या हेडचे पैसे नव्हते. आम्ही कोड फिरवून शिडीसारखा लावला. रेघ मग सगळ्या पट्ट्यांना छेदून जायची, पण तिच्या दोन्ही बाजूंना वाचण्यापुरती जागा उरायची. सात महिने तसेच काढले, एकही लेबल परत आलं नाही.

आमचे पहिले मोठे ग्राहक म्हणजे भोसरीतलेच एक स्प्रिंगवाले काका. त्यांच्याकडे माल घेणाऱ्या पुढच्या कंपनीने प्रत्येक बिनवर, म्हणजे मालाच्या पेटीवर, कोड थर्टीनाईन या प्रकारच्या बारकोडचा टॅग मागितला होता. काका पहिलं लेबल घेऊन सरळ शॉपवर गेले, त्यावर तेलाचं बोट फिरवलं, नखाने खरवडलं आणि म्हणाले, "अगं, हे पुसलं जातंय. न पुसणारं आण, मग दराचं बोलू." मी पॉलिएस्टरचं लेबल आणि रेझिनची, म्हणजे न पुसणाऱ्या शाईची रिबन घेऊन परत गेले. दराचं ते कधी बोललेच नाहीत. पुढे प्रत्येक नव्या लॉटचं पहिलं लेबल त्यांच्या नखाखालून गेलं.

2008 च्या मंदीत चाकणकडची कामं रोडावली. आमचा सर्वांत मोठा ग्राहक तेव्हा गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक पुरवठादार होता. प्रिंटर आमचा, लेबल आमचं, रिबनही आमचीच. त्या वेळी दुसरा एक विक्रेता तिथे शिरला आणि रिबन आमच्या निम्म्या दरात देऊ लागला. ती वॅक्सची, म्हणजे मेणाच्या शाईची होती. पॉलिएस्टरवर वॅक्स धरत नाही. छापताना काळंभोर दिसतं, कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) हात लागला की फरफटतं. हे मी त्यांच्या खरेदी विभागाला लेखी कळवलं होतं.

2009 च्या मेमध्ये त्यांच्या मालाची एक गाडी पुढच्या कारखान्याच्या गेटवरून परत आली. अर्ध्या बिनांचे कोड स्कॅन होईनात. डेबिट नोट, म्हणजे नुकसान आमच्याकडून वळतं करून घेण्याचा कागद, आली आमच्या नावावर, अकरा लाखांची. आधीची बिलंही अडकली.

मी चाकणला गेले. वापरलेली रिबन त्यांनी भंगाराच्या ड्रममध्ये टाकली होती. आमच्या धंद्यातल्यांना माहीत आहे, वापरलेल्या रिबनवर छापलेलं सगळं उलटं, पारदर्शक राहतं. मी तिथेच जमिनीवर बसून ती रिबन उजेडासमोर धरून उलगडली. परत आलेल्या बिनांचे नंबर एकामागून एक वाचता येत होते. रोलच्या नळीवर आमचा शिक्का नव्हता. कापसावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन त्यांच्यासमोर लेबल पुसलं, छपाई कापसावर आली. आमच्या रेझिनचं लेबल तसंच पुसून दाखवलं, ते हललं नाही. क्वालिटीच्या साहेबांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, प्रिंटर तर तुमचाच ना?" डेबिट नोट रद्द झाली नाही. त्या विक्रेत्याने पुढचं वर्षभर इतर कारखान्यांत आमचीच लेबलं खराब म्हणून सांगितलं. भागीदारीण त्या दिवाळीत बाहेर पडली. तिला मी दोष देत नाही, तिच्या घरावर कर्ज होतं.

बँकेने कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीची उचल, थांबवल्याचं काकांना कोणी सांगितलं कोण जाणे. एका सकाळी ते गाळ्यावर आले आणि वर्षभराच्या लेबलांचा चेक टेबलावर ठेवला. "तुझ्या लेबलामुळे माझा माल कधी परत आलेला नाही," इतकंच बोलून गेले. त्या पैशातून रिबन आली, दोन मुलांचे पगार झाले. 2011 ला आम्ही व्हेरिफायर, म्हणजे छापलेल्या कोडचा दर्जा मोजून ग्रेड देणारं यंत्र, घेतला. तेव्हापासून प्रत्येक लॉटच्या खोक्यात ग्रेडचा कागद आणि वापरलेल्या रिबनचा एक तुकडा जातो. पुढची वर्षं बरी गेली.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगते. कोडच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा डिझायनरला खाऊ देऊ नका. सर्वांत बारीक पट्टीच्या दहापट रुंदी रिकामी हवीच. कोड कोपऱ्याला धरून ओढून लहान करू नका, 203 डीपीआयवर दीड ठिपक्याची पट्टी छापता येत नाही. रिबनचा प्रत्येक रोल बदलताना हेड आयपीएने पुसा. आणि स्कॅनर वाचत नाही म्हणून नवा स्कॅनर विकत घेण्याआधी लेबल भिंगाखाली बघा. आता क्यूआर आणि डेटा मॅट्रिक्स या चौकोनी कोडांना चूक दुरुस्तीची सोय असते, थोडा भाग खराब झाला तरी वाचलं जातं. पण अख्खं लेबल पुसलं गेलं तर ती सोय काय कामाची?

ते अकरा लाख आमच्या खातेवहीत अजून येणे म्हणून दिसतात. सीए दर मार्चला राइट ऑफ करा म्हणतात. मी सही करत नाही. काकांचा कारखाना आता त्यांची मुलगी बघते, आणि नव्या लॉटचं पहिलं लेबल तीही आधी नखाने खरवडते.