जवसाचे तेल आणि पुष्पकचा सांगाडा

गावातील तेलघाणीवर मी जवसाचे दोन लिटर तेल मागितले, तेव्हा घाणीवाले काकाजी हातातले माप तसेच धरून थांबले. "चटणीले लोक जवस नेतात, पण एवढं तेल कायले पाहिजे जी भाऊ?" असे त्यांनी विचारले. गोदामात मी पुन्हा उभे करत असलेल्या 'पुष्पक' या जुन्या विमानाच्या सांगाड्यातील पोलादी नळ्यांच्या आतून हे तेल फिरवायचे आहे, असे मी सांगितले. त्यांना त्यात काही नवल वाटले नाही. त्यांच्या वडिलांच्या काळी लाकडी अवजारांना जवसाचे तेल पाजत असत, हे त्यांनी स्वतःच मला सांगितले.

वेल्डिंग केलेल्या नळ्यांचा सांगाडा बाहेरून रंगवता येतो, परंतु गंज आतून लागतो. सांध्यांपाशी जी बारीक छिद्रे राहतात त्यांतून दमट हवा आत शिरते, रात्री नळी थंड झाली की त्या हवेतील पाणी आतल्या बाजूला सुटते आणि शेपटीकडच्या सर्वांत खालच्या नळीत जाऊन साचते. म्हणून जुन्या काळापासून अशी पद्धत आहे की नळीत गरम केलेले जवसाचे तेल ओतावे, सांगाडा सगळ्या बाजूंनी कलवून ते कोपऱ्याकोपऱ्यांत पोहोचवावे, उरलेले निथळू द्यावे आणि छिद्र स्क्रूने बंद करावे. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते व धातूवर चिवट पापुद्रा धरते. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल हे काम त्याच्याइतके चांगले करत नाही.

काकाजींचे तेल मात्र मी विमानात वापरले नाही. भंगारातील एका नळीत ते ओतले, महिन्याभराने ती नळी उभी चिरली आणि पापुद्रा सगळीकडे सारखा बसला आहे की नाही ते पाहिले. तो उत्तम बसला होता. प्रत्यक्ष सांगाड्यासाठी जे तेल वापरले, ते प्रमाणपत्रासह बाहेरून मागवले. हे कळल्यावर काकाजी म्हणाले, "म्हणजे आमच्या तेलात खोट हाय काय?" खोट अजिबात नव्हती. विमानात जाणारी प्रत्येक वस्तू कोठून आली, कोणत्या मानकाची आहे आणि ती कोणी तपासली हे कागदावर दाखवता आले पाहिजे, आणि घाणीवरच्या डब्यासोबत असा कागद येत नाही, एवढेच कारण होते. त्यांना मी ते दोनदा समजावून सांगितले, कारण या छंदाचा गाभा तोच आहे असे मी मानतो. लाकूड, कापड आणि नळ्या यांचे हे यंत्र आमच्या गावातल्या माणसांना चटकन उमगते. सुतार, लोहार, शिवणकाम करणाऱ्या बाया या सगळ्यांच्या हातांत त्याला लागणारे कसब आहे. पण शेतीच्या मोसमात थ्रेशर बंद पडला तर तार बांधून काम भागवण्याची जी सवय आपल्याला आहे, ती या गोदामाच्या दाराबाहेर ठेवावी लागते.

हे विमान म्हणजे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेले 'पुष्पक'. शेजारी शेजारी दोन आसने, वर पंख, पुढे ९० अश्वशक्तीचे काँटिनेंटल सी-९० इंजिन आणि सुमारे ३६ फुटांचा पंखविस्तार, असे हे साधे विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले. त्याची घडण एरोंका चीफ या अमेरिकन विमानावर बेतलेली आहे. देशातील फ्लाइंग क्लबांसाठी अशी सुमारे दीडशे विमाने तयार झाली आणि कित्येक भारतीय वैमानिकांनी पहिले धडे त्यांच्यावर घेतले. त्याच्या रचनेमागे डॉ. विष्णू माधव घाटगे होते, हे मराठी वाचकांना ठाऊक असले पाहिजे असे मला मनापासून वाटते. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकला, परत येऊन त्याने १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवले आणि पुढे पुष्पकही.

एका फ्लाइंग क्लबच्या भंगार लिलावात हे विमान मला मिळाले. नोकरीची सारी वर्षे मी छोट्या विमानांच्या देखभालीत घालवली होती आणि निवृत्तीनंतर आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो होतो. मामांच्या मालकीचे जुन्या जिनिंगचे गोदाम रिकामे पडले होते. छत उंच, मध्ये खांब नाही आणि जमीन कोरडी, यापेक्षा चांगली जागा मला नागपुरातही मिळाली नसती. पंख सुटे करून, प्रत्येक पंखाखाली कापसाच्या गाठींचे जुने बारदान घालून आम्ही ते ट्रकने आणले. विमानाच्या दोन लॉगबुकांपैकी एक मात्र लिलावापूर्वीच कोठेतरी गहाळ झाले होते. लॉगबुक म्हणजे विमानाचा सातबारा. त्यात फेरफाराची नोंद नसेल तर जमीन कोणाची हे जसे सांगता येत नाही, तसे कोणता भाग केव्हा बदलला आणि कोणता आदळला हे लॉगबुकाविना सांगता येत नाही. त्यामुळे एरवी उघडावे लागले नसते असेही सगळे मला उघडावे लागले.

उघडण्याचे काम कापडापासून सुरू झाले. जुने कापड सुती होते. विमानासाठीचे जे 'ग्रेड ए' सुती कापड असते, त्याची एक इंच रुंदीची नवी पट्टी ८० पौंडांचा ताण सोसते, आणि ती ताकद ५६ पौंडांच्या खाली गेली की ते कापड विमानावर ठेवता येत नाही. आमच्या डाव्या पंखाचे कापड अंगठ्याने दाबताच फाटले. ज्या प्रदेशात घरोघरी कापूस वेचला जातो तिथे बसून हे पाहताना मला फार वाईट वाटले. या कापडाला लांब धाग्याचा कापूस लागत असे, आणि वऱ्हाडातील जुन्या देशी वाणांचा धागा आखूड होता; म्हणजे आमच्या मातीतला कापूस तेव्हाही त्या पंखावर पोहोचला नसता. आता तर सुती कापडाची जागा पॉलिएस्टरने घेतली आहे आणि ती योग्यच आहे, कारण ते बुरशीने कुजत नाही आणि उन्हापासून नीट झाकले तर फार वर्षे टिकते.

कापडाखालून निघालेला पंख हा या कामातला सर्वांत जोखमीचा भाग होता. पंखाच्या लांबीने जाणाऱ्या दोन लाकडी तुळया, ज्यांना स्पार म्हणतात, त्या साऱ्या विमानाचा भार हवेत पेलतात. ॲल्युमिनियमच्या फासळ्या त्यांच्यावर बारीक खिळ्यांनी बसवलेल्या असतात. विमान कधी उतरताना गरकन फिरून पंखाच्या टोकावर आपटले असेल, तर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडात तंतूंना आडवी, केसाएवढी दाबाची भेग पडते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, परंतु तशा भेगेचा स्पार पुढच्या वादळी झोक्यात मोडू शकतो. ती शोधण्याची रीत अशी की गोदामाची दारे लावून अंधार करावा, विजेरी लाकडाला जवळजवळ टेकवून तिचा उजेड तंतूंच्या दिशेने सोडावा आणि सावलीची बारीक रेघ दिसते का ते इंचाइंचाने पाहावे. एखाद्या फासळीचा खिळा सैल होऊन वर आला असेल, तर तिथे विशेष थांबावे, कारण लाकूड हलल्याशिवाय खिळा बहुधा हलत नाही. आमच्या गावचे सुतारकाका या तपासणीला सलग चार संध्याकाळ माझ्याबरोबर बसले. डाव्या पंखाच्या मागील स्पारवर, तिरप्या आधाराच्या जोडापाशी, पहिली रेघ त्यांनाच दिसली. दाराच्या चौकटी आणि बैलगाडीची धुरा यांवर पन्नास वर्षे घालवलेला तो डोळा होता.

तो स्पार दुरुस्त करावा की नवा घालावा, यावर माझा बराच विचार चालला. लाकडी स्पारला तिरपा सांधा देता येतो. त्याचा उतार दहास एक ते बारास एक इतका सावकाश ठेवतात, म्हणजे एक इंच जाडीसाठी दहा ते बारा इंच लांबीचा सांधा. परंतु भेग आधाराच्या जोडाजवळ असल्यामुळे मी सांध्याच्या मोहात पडलो नाही आणि नवे प्रमाणित स्प्रूस मागवले. ते यायला सात महिने लागले. सुतारकाकांना आमचे सागवान सुचवावेसे वाटले होते. पण सागवान जड आहे, त्याच्या तेलकटपणामुळे डिंक नीट धरत नाही आणि मूळ आराखड्यात ते नाही, म्हणून तो विषय आम्ही तिथेच संपवला. त्या सात महिन्यांची घाई करावीशी मला एकदाही वाटली नाही.

पंखावर नवे कापड चढवण्याआधी माझा एक स्नेही, ज्याच्याकडे देखभाल अभियंत्याचा वैध परवाना आहे, नागपूरहून आला आणि त्याने उघडा पंख तपासून सही केली. माझ्या स्वतःच्या परवान्याची मुदत संपली आहे, आणि झाकले गेलेले काम नंतर कोणालाच दिसत नाही. पॉलिएस्टरचे कापड चिकटवल्यावर इस्त्रीने तापवून ताणायचे असते. पहिला हात सुमारे १२१ अंश सेल्सिअसला, दुसरा १४९ ला आणि शेवटचा १७७ ला द्यायचा. त्याच्या वर गेल्यास कापड पुन्हा सैल पडते. इस्त्रीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नसल्याने तिच्या पट्टीवर तापमापक लावून आम्ही खुणा केल्या. दिवसा शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते आणि तापमान डळमळते, म्हणून हे काम आम्ही रात्री दहानंतर केले.

मग आले शिवणकाम. उडताना पंखाच्या वरच्या बाजूचे कापड वर ओढले जाते, म्हणून ते प्रत्येक फासळीला मेणाच्या दोऱ्याने, पंखाच्या आरपार सुई घालून, ठरावीक अंतरावर गाठी मारत शिवावे लागते. इंजिनाच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) झोत जिथे लागतो तिथे टाके आणखी जवळ घ्यावे लागतात. याला दोन माणसे लागतात, पंखाच्या दोन्ही बाजूंना एकेक. माझ्या समोर आमच्या काकू उभ्या राहिल्या, ज्यांच्या हातच्या गोधड्या पंचक्रोशीत जातात. पहिल्या दिवशी मी त्यांना गाठ दाखवली. तिसऱ्या दिवशी माझी एक गाठ सैल असल्याचे त्यांनी मला पलीकडून सांगितले आणि ती मी कापून पुन्हा मारली. त्यांचे टाके माझ्यापेक्षा सारखे आहेत, हे त्या पंखाकडे पाहणाऱ्या कोणालाही दिसेल.

कामाचे वेळापत्रक आमच्या हवेवर ठरते. पावसाळ्यात कापडावर लेप देऊ नये, कारण द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले पाणी त्यावर बसते आणि लेपावर पांढुरके सावट येते. मे महिन्यात लेप ब्रशखालीच वाळतो. त्यामुळे दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवसच आमचे लेपाचे दिवस. लाकूडही ऋतू ओळखते. उन्हाळ्यात ते आकसून बोल्ट सैल होतात, पावसात फुगते. बोल्ट सैल दिसले म्हणून करकचून आवळले तर वॉशरखालचे तंतू चिरडतात. दोन्ही ऋतूंच्या शेवटी, मोजून, आवळावे.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. समोरासमोर चार सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, ठिणगीची वीज स्वतःच तयार करणाऱ्या दोन स्वतंत्र मॅग्नेटोंवर चालणारे. बॅटरीशिवाय ते चालते हे ऐकून गावातल्या जुन्या शेतकऱ्यांना विहिरीवरचे हँडलचे इंजिन आठवले. वर्षानुवर्षे बंद राहिल्याने त्याच्या सिलिंडरच्या भिंतींवर गंजाचे ठिपके पडले होते, म्हणून ते मान्यताप्राप्त कार्यशाळेत पाठवले आहे. आता ज्या ज्या इंजिनाला काही महिने स्वस्थ बसायचे असेल, त्याच्या प्लगच्या जागी मी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या कुप्या लावतो. निळे दाणे गुलाबी झाले की त्या बदलायच्या. पेट्रोल पंपावरचे पेट्रोल चालेल का, असे पुतण्या विचारतो. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी ओढते आणि जुनी रबरी सीले खराब करते, म्हणून ते चालणार नाही. शिशाचे प्रमाण कमी असलेले '१०० एलएल' हे विमानाचे पेट्रोल २०२२ पासून इंडियन ऑइल देशातच बनवते, ही माझ्यासारख्यांना मोठी सोय झाली.

गोदामात माझे खरे शत्रू दोन आहेत. उंदीर, ज्यांच्या मुताने ॲल्युमिनियम खाल्ले जाते, आणि कुंभारमाशी, जी वेगमापकाच्या नळीत चिखलाचे घर बांधते. एका पावसाळ्यात तिने टाकीच्या हवेच्या नळीतही बांधले. हवा बंद झाली की टाकीतून पेट्रोल येईनासे होते आणि इंजिन उड्डाणानंतर थोड्याच वेळात बंद पडते. तेव्हापासून प्रत्येक तोंडावर लाल कापडाची टोपी आहे, आणि किती टोप्या लावल्या ते दारावरच्या पाटीवर लिहिलेले आहे. काढताना तितक्या मोजून काढायच्या.

चौकात चौथऱ्यावर उभी केलेली विमाने मी पाहतो, तेव्हा माझा जीव तुटतो. रंग दर दोन वर्षांनी नवा असतो आणि आत पाणी साचत असते. माझे पुष्पक कधी उडेल ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तपासणीनंतर ठरेल. पण उडाले तर ते हिवाळ्याच्या सकाळी उडेल. मे महिन्यात ४५ अंशांना नागपूरच्या उंचीवरची हवा इतकी विरळ असते की विमानाला ती सुमारे ४,८०० फुटांवरच्या हवेसारखी वाटते, आणि ९० अश्वशक्तीत तेवढी ओढ काढण्याचा हट्ट मी धरणार नाही.

आज डाव्या पंखावर चंदेरी लेपाचा तिसरा हात वाळतो आहे. त्यातील ॲल्युमिनियमची भुकटी कापडापर्यंत ऊन पोहोचू देत नाही. उजवा पंख अजून उघडा आहे. त्याच्या पुढच्या स्पारवर मुळापासून नववी फासळी सोडून बाकी सगळे खिळे पक्के आहेत. उद्या संध्याकाळी सुतारकाका येणार आहेत, दारे लावून आम्ही ती नववी फासळी पाहणार आहोत.