झाकण लावायचं की नाही

अंगाच्या साबणाला जाळीची साबणदाणी मिळते, कपड्यांची वडी मोरीच्या कट्ट्यावर पडून असते, भांड्यांचा साबण डबीतल्या डबीत घासून संपतो. आमच्या घरात झाकणाचा मान आहे तो फक्त दाढीच्या साबणाला. आणि वाद आहे तोही नेमका या झाकणावरूनच.

वाद माझा आणि मेव्हण्यांचा. मी रत्नागिरीचा, ते नागपूरचे. ट्यूबमधल्या क्रीमला आणि डब्यातून फुसकन निघणाऱ्या फोमला दोघेही बधलेलो नाही. वाटीत गोल वडी, तिच्यावर ओला ब्रश फिरवायचा आणि फेस काढायचा. "भाऊजी, दाढी झाली की झाकण घट्ट लावा, नाहीतर वडी तडकते," हा त्यांचा सिद्धान्त. लगेच झाकण लावलं तर वाटीत डबकं होतं, हा माझा.

गंमत अशी की दोघांचंही खरं आहे. आंघोळीचा साबण मुख्यतः कॉस्टिक सोड्यावर होतो, म्हणून तो टणक. दाढीच्या साबणात त्याच्या जोडीला कॉस्टिक पोटॅश घालतात. पोटॅशचा साबण मऊ असतो, पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे ब्रशला लगेच लागतो. फेस दाट व्हावा, गालावर टिकावा म्हणून स्टिअरिक आम्ल भरपूर, आणि तो फेस सुकू नये म्हणून ग्लिसरीन. (याच ग्लिसरीनपासून होणारं नायट्रोग्लिसरीन वापरून आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं. आमच्याकडे ते निमूटपणे गाल ओले ठेवतं.) ग्लिसरीनचा स्वभावच हवेतलं पाणी ओढून घ्यायचा. जुलैत किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते. तेव्हा वडीला अक्षरशः घाम सुटतो, वर बारीक थेंब दिसतात. साबण बिघडला म्हणून काहीजण तो फेकून देतात. बिघडलेलं काहीच नसतं. उलट मे महिन्यातल्या नागपुरात दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. तिथे तीच वडी आक्रसते, कडेपासून सुटते, आणि सकाळी ब्रश फिरवायला जावं तर फेस येण्याऐवजी वडीच वाटीत गरगर फिरते.

झाकणाची दुसरी बाजू वासाची. लिंबू-संत्र्याचे हलके वास आधी उडतात, चंदनासारखे जड वास मागे रेंगाळतात. वाटी कायम उघडी राहिली तर काही महिन्यांनी वडी साबणासारखी वासते, बस. मला ते चालतं. मेव्हण्यांना चालत नाही, आणि त्यांच्या कोरड्या हवेत त्यांना घाई करायला हरकतही नाही. इथे मात्र आधी उरलेला फेस पाण्याने धुवायचा, त्यातच दाढीचे बारीक केस अडकलेले असतात. मग वाटी तिरकी करून निथळू द्यायची, तीही न्हाणीघराबाहेर, कारण गिझरच्या वाफेत काहीच वाळत नाही. पावसाळ्यात फार वेळ उघडी ठेवण्यातही अर्थ नसतो, वडी हवेतूनच पाणी प्यायला लागते. पंख्याखाली तासभर, की झाकण.

झाकणापेक्षा मोठा गुन्हेगार मला ब्रश वाटतो. बहुतेक लोक तो ओलाच वाटीत उभा ठेवतात, वर झाकण दाबतात. साबण चांगलाच अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहसा धरत नाही. ती धरते ब्रशच्या मुळाशी, जिथे पाणी साचून राहतं. ब्रश झटकून, केस खाली करून टांगावा, किंवा निदान वाटीच्या बाहेर ठेवावा.

वाटीबद्दल माझं मत ठाम आहे: स्टीलची. विलायती साबणांबरोबर येणाऱ्या लाकडी वाट्या दिसतात देखण्या, पण रोज भिजल्या की चिरतात. न्हाव्याकडे पूर्वी असायची ती ॲल्युमिनियमची वाटी साबणाच्या अल्कलीने काळवंडते, आणि पत्र्याची डबी आमच्याकडे एका पावसाळ्यात गंजते. काचेची चालेल, पण साबणाच्या हातातून तिची शाश्वती काय? माझी वाटी स्वयंपाकघरातून आली. तिची नोंद बायकोच्या हिशेबात अजून चालू खात्यावर आहे.

सुटून खुळखुळणाऱ्या वडीवर उपाय आहे. गरम पाण्याचे चार-दोन थेंब वाटीच्या तळाशी टाकावेत आणि अंगठ्याने वडी दाबून बसवावी. फारच तडकली असेल तर सरळ किसावी, किंचित पाणी शिंपडून तो कीस वाटीत ठासावा आणि दिवसभर तसाच ठेवावा. पुन्हा एकसंध वडी होते. हा उपाय मी मेव्हण्यांना फोनवर सांगितला. त्यांनी तो त्याच दिवशी अमलात आणला, फक्त किसणी कोणती घ्यायची ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गाजराच्या कोशिंबिरीला चंदनाचा वास आला, आणि आता नागपूरच्या घरात माझं नाव काढलं की वहिनी आधी किसणी कपाटात ठेवतात.